शिपायाचा शिधा आणि त्याचा सदरा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



युद्धाचा इतिहास सांगताना सेनापतींची नावे सांगितली जातात, व्यूह सांगितले जातात, तहाच्या तारखा सांगितल्या जातात. लढणारा माणूस त्या दिवशी काय जेवला होता आणि त्याच्या अंगावर काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या तळटीपेतही क्वचितच सापडतो. वास्तविक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सैन्याकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. शिपाई हाही श्रम विकणारा माणूस आहे. त्याचा शिधा आणि त्याचा गणवेश हा त्याच्या वेतनाचाच भाग होय. आणि वेतनाचा प्रश्न आला की, खर्च कोणी सोसावयाचा आणि काटकसर कोणाच्या पोटावर व्हावयाची, हा प्रश्न ओघाने येतोच.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे आणि वैरण बेहिशेबी खर्च केलीत, तर पुढे घोडी मरतील आणि तुमचे लोक कुणब्याच्या घरी दाणे, भाकरी, गवत, सरपण, भाजी आणावयास जातील. मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्राकडे रयतेवरील दयेचा दाखला म्हणून पाहिले जाते. परंतु त्यात अर्थशास्त्राचा एक कठोर नियमही सांगितला आहे. राज्याने शिपायाला खाऊ घातले नाही, तर शिपाई रयतेला खाऊन जगतो. उपाशी सैन्याचा खर्च वाचत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या माथी जातो.

शिलेदार आणि बारगीर

मराठी वाचकाला शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द परिचयाचे आहेत. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येत असे. बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे. ब्रिटिशांनी हिंदी घोडदळात शिलेदारीची ही पद्धत उचलली आणि विसाव्या शतकापर्यंत चालविली. स्वाराने भरती होताना ठेव भरावी, आणि घोडा, पोशाख, सामान यांचा बोजा आपल्या पगारातून सोसावा, असा तो व्यवहार होता. सरकारच्या दृष्टीने याहून स्वस्त घोडदळ असू शकत नव्हते. पायदळातील शिपायाची स्थितीही फार वेगळी नव्हती. शांततेच्या काळात त्याने आपला शिधा आपल्याच पगारातून विकत घ्यावयाचा; धान्य फारच महागले तर थोडा भरपाई भत्ता मिळावयाचा. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हा पगार महिना ११ रुपये होता. त्यातून पोट भरून उरेल ते गावी पाठवावयाचे.

ही स्वस्ताई युद्धाने उघडी पाडली. स्वाराने स्वतः आणावयाचा घोडा युद्धात मेला, तर नवा कोठून यावयाचा? लढाई लांबली तशी शिलेदारी मोडकळीस आली आणि युद्धानंतर ती रद्द करावी लागली. मोफत शिधाही १९१७ साली सुरू झाला, तो भरती अडू लागल्यानंतर. सवलत मिळाली ती उदारपणातून नव्हे, गरजेतून, ही गोष्ट कामगार चळवळीत वावरणाऱ्यांना वेगळी समजावून सांगावयास नको.

धुळीचा रंग

गणवेशाची कथाही अशीच आहे. खाकी म्हणजे धुळीच्या रंगाचा. १८४६-४७ च्या सुमारास पेशावर भागात उभारलेल्या गाइड्स पलटणीत हॅरी लम्सडेन याने हा रंग आणला. पांढरे सुती कापड जे हाताशी असेल त्याने रंगवून घेतले जाई. १८५७ च्या उठावात गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे चहा, कॉफी, चिखल अशा मिळेल त्या गोष्टीत बुचकळून काढले. एकाच पलटणीत दहा छटा दिसत. पुढे जगभरच्या सैन्यांनी स्वीकारलेला गणवेश मुळात ही अशी छावणीतल्या घंगाळात जन्मलेली तडजोड होती.

परंतु तडजोड आणि हेळसांड यांत फरक केला पाहिजे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर लाहोर डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरली तेव्हा हिंदी शिपायाच्या अंगावर उष्ण प्रदेशातले पातळ सुती खाकी होते. समोर युरोपचा हिवाळा होता. लोकरीचे कपडे आले, पण उशिरा. तोवर ऑक्टोबरअखेर शिपाई खंदकांत उतरले होते. उन्हात धुळीशी मिसळून जावयाचे म्हणून काढलेला सदरा फ्लँडर्सच्या चिखलात आणि थंडीत अंगावर राहिला, याला तडजोड म्हणता येत नाही.

कुतचे १४७ दिवस

या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत-अल-अमारा या गावचे आहे. त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. तेथे वेढ्यात सापडलेल्या फौजेचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन असे होते, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मराठी मुलखातून गेलेली शेतकऱ्यांची मुले टायग्रिस नदीच्या एका वळणात डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यापासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, असे १४७ दिवस तुर्की वेढ्यात होती.

या फौजेत दोन शिधे होते. गोऱ्या सोजिराचा शिधा वेगळा आणि हिंदी शिपायाचा वेगळा. गोऱ्याला पांढऱ्या पिठाचा पाव, बिस्किटे, मांस. हिंदी शिपायाला आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ. ताजी भाजी असली तर नावापुरती. आता निसर्गाचा न्याय पाहा. दोन शिधे, तसे दोन रोग. पांढऱ्या पिठावर जगणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, कारण धान्याचा कोंडा काढला की त्याबरोबर ब जीवनसत्त्व जाते. आटा खाणारा हिंदी शिपाई बेरीबेरीतून वाचला. पण भाजी नाही, फळ नाही, ताजे मांस नाही, म्हणून त्याला स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उकलल्या. वेढ्यात पांढरे पीठ संपले आणि गोऱ्यांच्या पावात जव आणि आटा मिसळू लागला, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. वरिष्ठाला गरिबाच्या भाकरीने बरे केले. हिंदी शिपायाच्या नशिबी मात्र अशी अदलाबदल नव्हती.

त्याला एक मार्ग होता, तो घोड्याच्या मांसाचा. गुरे संपल्यावर घोडी आणि खेचरे कापली जाऊ लागली. गोरे सोजीर ते मांस खाऊ लागले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुमतीचे संदेश मागविण्यात आले, ते शिपायांना ऐकविण्यात आले, तरी नकार टिकला. अखेर एप्रिलमध्ये आट्याचा शिधा अगदीच उतरला, तेव्हा कोठे हजारो शिपाई मांस घेऊ लागले. पण तोवर शरीरे खचली होती.

या नकाराला धर्मवेड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी ते केलेही. परंतु शिपाई जे बोलत होते ते नीट ऐकले तर त्यात गावाची भीती होती. परत गेल्यावर भावकी पंक्तीला घेणार नाही, मुलीला स्थळ मिळणार नाही, ही ती भीती. धर्मगुरूची तार त्याला पापातून मोकळे करील. वाळीत पडण्यापासून कोण सोडवणार? मृत्यूपेक्षा जातीचा बहिष्कार मोठा वाटावा, ही समाजरचना त्या शिपायाने निर्माण केलेली नव्हती. ब्रिटिश सैन्याने ती जपून, पलटणी जातवार उभारून, तिचा उपयोग करून घेतला होता. वेढ्यात त्याच रचनेची किंमत चुकवावी लागली, आणि ती चुकवली भुकेल्या शिपायाने.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. १९१७ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक स्त्रियांनी सैन्याच्या शिध्यातील स्कर्व्हीचा अभ्यास करून दाखवून दिले की, कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारे द्रव्य नसते, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की ते द्रव्य निर्माण होते. मराठी घरातील कोणतीही आजी हे वाचून हसली असती. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी फडक्यात बांधून ठेवावी, दुसऱ्या दिवशी उसळ करावी, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. फार शिजविले तर त्यातला गुण कमी होतो हे खरे. पण थोडी वाफ दिलेली मोडाची मटकी स्कर्व्ही अडवू शकली असती. सैन्य मात्र देत होते भरडलेली डाळ. डाळीला मोड येत नाहीत. सबंध कडधान्याचे पोते, एक बादली पाणी आणि एक ओले फडके, एवढ्याने जे साधले असते, ते साम्राज्याच्या पुरवठा खात्याला साधले नाही. कारण शिपाई घरी काय खातो, हे विचारण्याची त्या खात्याला कधी गरजच वाटली नव्हती. शिध्याचे तक्ते वरून येत होते, आणि वर बसलेल्याला मटकी ठाऊक नव्हती.

सुटकेचे प्रयत्न झाले. वेढा फोडण्यासाठी निघालेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली वा जायबंदी झाली. विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरविण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रयत्न. पण विमाने थोडी आणि तोंडे हजारो. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन निघाली, ती वाटेतच अडकून तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिलला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हजारो परतले नाहीत. १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हिंदुस्थान सरकारने खर्च वाचविण्याच्या नादात मोहिमेची दुर्दशा केली, हे आयोगाने मान्य केले. वाचलेला पैसा कोणाच्या हाडांतून वाचला होता, हे आकड्यांत दिसत नाही.

शिधा आणि भरती

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २० लाखांच्या वर गेले. भरती झालेल्या तरुणांचे वजन प्रशिक्षणाच्या काही महिन्यांत वाढते, असे सैन्यातील डॉक्टरांना आढळले. ही सैन्याची कौतुकाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. तिचा खरा अर्थ उलटा आहे. पलटणीतल्या साध्या शिध्याने ज्याचे वजन वाढते, तो घरी अर्धपोटी होता. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, ती याच राज्यात. त्याच वर्षी सूत आणि कापड यांच्यावर नियंत्रण आणावे लागले. गिरण्यांचे माग खाकी विणत होते, गिरणीमालकांचे नफे चढत होते आणि खेड्यातील बाईला लुगडे मिळत नव्हते. शिपायाचा सदरा आणि तिचे लुगडे एकाच मागावरचे होते, हे विसरता येत नाही.

पलीकडे आझाद हिंद सेना होती. १९४४ मध्ये ती इंफाळच्या दिशेने निघाली, ती थोड्या दिवसांचा शिधा आणि माणशी एक कांबळे घेऊन. पुढचे अन्न शत्रूच्या कोठारातून मिळेल, या भरवशावर. अंगावरचा खाकी गणवेशही बहुतांशी ब्रिटिशांच्याच साठ्यातला, बिल्ला तेवढा नवा. इंफाळ पडले नाही, पाऊस पडला. मलेरिया आला, औषध नव्हते. रानपाला उकडून खाण्याची वेळ आली. त्या सैनिकांच्या त्यागापुढे मान लवते. पण त्याग हा पुरवठ्याचा पर्याय नव्हे, हाही धडा तेथेच मिळतो.

‘तलवार’वरची न्याहारी

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत खलाशांनी न्याहारी नाकारली. अन्न नाही तर काम नाही, ही त्यांची घोषणा. निकृष्ट जेवणाच्या तक्रारी आधीपासून होत्या; भिकाऱ्याने निवड करू नये, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले होते, असे त्या खलाशांच्या आठवणींत नमूद आहे. दोन-तीन दिवसांत हा संप ७८ जहाजांवर पसरला आणि सुमारे २० हजार खलाशी त्यात सामील झाले.

या संपाच्या मागण्या एकत्र वाचण्यासारख्या आहेत. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, या मागण्या त्यात आहेत. आणि त्यांच्याच शेजारी चांगले हिंदी जेवण, गोऱ्यांइतका पगार, आणि नोकरी सुटताना अंगावरचे सरकारी कपडे परत घेऊ नयेत, याही मागण्या आहेत. काही विद्वान या यादीतील मोठ्या मागण्या तेवढ्या उचलतात, काही लहान दाखवून हे केवळ पोटाचे बंड होते असे म्हणतात. दोघांचीही चूक एकच. ज्या खलाशाला युद्ध संपल्यावर अंगावरचा सदराही उतरवून द्यावा लागणार होता, त्याला स्वातंत्र्य आणि सदरा या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नव्हत्या.

मुंबईच्या जनतेला हे नेत्यांपेक्षा आधी कळले. खलाशांची रसद तोडण्यात आली तेव्हा लोक गेटवेवर जेवणाचे डबे आणि फळे घेऊन गेले, दुकानदारांनी माल दिला. अरुणा असफअली यांनी खलाशांची बाजू घेतली. २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला, वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. स्वतंत्र भारताच्या नौदलातही बडतर्फ खलाशांना परत घेतले गेले नाही. न्याहारी नाकारणाऱ्याची सरकारदरबारी आठवण फार लांब असते.

स्वेटरांचे गठ्ठे

परक्या सरकारला दोष देणे सोपे आहे. १९६२ साली सरकार आपले होते. ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीवर ब्रिगेडिअर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड उभी होती. पुष्कळ जवानांच्या अंगावर सुती गणवेश होता, पायांत कॅनव्हासचे बूट, पांघरायला अपुरी कांबळी. चौदा हजार फुटांहून उंच असलेल्या त्सांगधर येथे विमानांतून टाकलेल्या सामानापैकी पुष्कळसे दऱ्यांत नाहीसे झाले. उरलेले पाठीवरून खाली न्यावयाचे. २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा ही ब्रिगेड थंडीशी आणि भुकेशी आधीच लढत होती. १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे कुमाऊं पलटणीतील शंभराहून अधिक सहकारी जागेवर मारले गेले. बर्फ वितळू लागल्यावर त्यांचे देह सापडले, ते बंदुकीला खिळलेले.

देशाने काय केले? देशाने स्वेटर विणले. शाळाशाळांतून मुली आणि शिक्षिका, चाळीचाळींतून गृहिणी सुया घेऊन बसल्या. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. या भावनेची थट्टा करणारा करंटाच म्हणावा लागेल. परंतु प्रश्न उरतोच. जे काम अंदाजपत्रकाने, कापड गिरण्यांनी आणि सरकारी कारखान्यांनी तीन वर्षे आधी करावयास हवे होते, ते नोव्हेंबरच्या थंडीत मास्तरणींच्या सुयांवर का यावे? २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. पुढे पर्वतीय डिव्हिजने उभारली गेली, संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली. म्हणजे योजना करता येत होती. ती पराभवानंतर झाली, एवढेच.

हिशेब कोणी मागावयाचा

हे सर्व जुने झाले, असे कोणाला वाटेल. फेब्रुवारी २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा एक अहवाल संसदेपुढे आला. सियाचीनसारख्या अतिउंच भागांतील जवानांचे कपडे, बूट, बर्फातील चष्मे आणि शिधा यांत गंभीर तुटी असल्याचे त्यात नमूद आहे; ठरलेल्या पदार्थांऐवजी महागडे पर्याय त्याच रकमेत द्यावयाचे ठरल्याने जवानाच्या ताटातील उष्मांक घटले, हेही त्यात आहे. हा अगदी अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला मुद्दा आहे. वस्तूचे परिमाण न ठरवता रक्कम ठरवली, की भाववाढीचा भार खाणाऱ्यावर पडतो. त्यापूर्वी, जानेवारी २०१७ मध्ये, सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेली पोळी आणि पाण्यासारखे वरण यांचे चित्रण देशाला दाखविले. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. जवानाचा गणवेश शिवणारे कारखानेही आता नफा-तोट्याच्या हिशेबात आले. त्याचे काय होते हे पाहावयाचे आहे. पण ते पाहण्याचे काम केवळ संरक्षण खात्याचे नाही.

जवानाच्या नावाने जयजयकार करणाऱ्या देशात त्याच्या ताटाविषयी प्रश्न विचारला की तो देशद्रोह ठरतो, आणि मौन राखले की देशभक्ती. हे समीकरण कार्यकर्त्यांनी मोडले पाहिजे. शिपाई हा शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याचा शिधा शेतात पिकतो, त्याचा सदरा मागावर विणला जातो आणि दोहोंचा पैसा जनतेच्या करातून येतो. या साखळीत कोठे चोरी होते, कोठे काटकसर होते आणि कोठे नुसते अज्ञान असते, हे विचारण्याचा अधिकार त्या साखळीतल्या प्रत्येकाला आहे.

कुतच्या वेढ्यात मोड आलेल्या मटकीने पुष्कळ माणसे वाचली असती. ती मटकी ज्यांना ठाऊक होती त्यांना कोणी विचारले नाही, आणि ज्यांना विचारले जात होते त्यांना ती ठाऊक नव्हती. खाणाऱ्याला विचारल्याशिवाय शिधा ठरवू नये, एवढे साधे तत्त्व आहे. ते पलटणीला लागू आहे, तसेच शाळेतल्या माध्यान्ह भोजनाला, रेशनच्या दुकानाला आणि रोजगार हमीवरच्या मजुरीलाही लागू आहे.